पावापासून पिझ्झ्यापर्यंत

ठाण्यांत किंवा कल्याण-डोंबिवलींत चांगला पिझ्झा कोठें मिळतो, हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. रविवारची संध्याकाळ झाली, पाहुणे आले, मुलाचा परीक्षेचा निकाल लागला, कीं हा प्रश्न निघतो, आणि घरांतील प्रत्येकाजवळ त्याचें वेगळें उत्तर असतें. एकाला घोडबंदर रस्त्यावरील दुकान आवडतें, दुसऱ्याला नौपाड्यांतील. तिसरा म्हणतो, बेकरींतून तयार पोळी आणून घरीं तव्यावर भाजावी, त्याला तोड नाहीं. वाद होतो तो चव, किंमत आणि अंतर यांवर. ती पोळी कोणीं मळली, भट्टीपुढें कोण उभा होता, शेजारच्या मेजावर कोण बसला आहे, हे प्रश्न त्या वादांत कोणी काढीत नाहीं. आणि ते निघत नाहींत याचें कोणास आश्चर्यहि वाटत नाहीं.

परंतु याच प्रदेशांत सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं पावाचा एक तुकडा पोटांत गेला, एवढ्यावरून मनुष्य जातीबाहेर पडत असे. पिझ्झा हा शेवटीं पावाचाच भाऊबंद आहे. गव्हाचें पीठ, पाणी, मीठ, खमीर आणि भट्टी, एवढेंच दोघांचेंहि मूळ भांडवल. तेव्हां चांगला पिझ्झा कोठें मिळेल, याचें उत्तर शोधावयाचें तर पाव या भागांत कसा आला आणि कोणत्या वाटेनें सर्वांच्या ताटांत जाऊन बसला, हें आधीं पाहिलें पाहिजे.

ठाणें आणि कल्याण हीं दोन्ही जुनीं बंदरें. शिलाहार राजांच्या लेखांत ठाण्यास श्रीस्थानक म्हटलेलें आहे. कल्याणचा उल्लेख तर त्याहूनहि जुना. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांचीं नांवें आहेत, आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांतहि हें बंदर आलेलें आहे. परदेशी माणूस, त्याची भाषा, त्याचा माल यांची येथील लोकांना नवलाई नव्हती. नवलाई होती ती पावाची.

पाव हा शब्दच पोर्तुगीज आहे. सन १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशाहानें वसई पोर्तुगीजांना तोडून दिली, आणि तिच्याबरोबर साष्टी व ठाणें हा मुलूखहि त्यांच्या अमलाखालीं गेला. पुढें दोन शतकें या भागांत पोर्तुगीजांचें राज्य होतें. त्यांना पावावांचून जेवण गोड लागत नसे. गहूं मिळत होता, भट्टी घालतां येत होती. अडचण होती ती खमिराची. ती कोंकणच्या माडा-ताडांनीं दूर केली. ताडी थोडा वेळ ठेवली कीं फसफसूं लागते. तीच पिठांत घातली कीं पीठ फुगतें. गोव्यांतील पोदेरांनीं हीच रीत पिढ्यान्‌पिढ्या चालविली, आणि वसई-साष्टीकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतूनहि ताडीनें पीठ आंबविण्याची चाल राहिली.

पावाची ही कृति सोपी खरी, पण सोवळ्याच्या दृष्टीनें तीत तीन दोष एकदम भरलेले होते. तींत परक्याच्या हातचें पाणी होतें. पीठ मळणारा हात परधर्मीयाचा होता. आणि आंबविण्यासाठीं चक्क ताडी, म्हणजे मद्य, वापरलेली होती. फळ, कच्चें धान्य, दूध यांना सूट होती. पाण्यांत मळलेल्या आणि विस्तवावर भाजलेल्या अन्नाला ती नव्हती. म्हणून पाव खाणें आणि बाटणें हे दोन शब्द लोकांच्या बोलण्यांत जवळजवळ समानार्थी झाले. पोर्तुगीज पाद्री गांवच्या विहिरींत पाव टाकीत आणि तें पाणी प्यायलेल्या साऱ्या गांवास बाटलें असें समजण्यांत येई, अशी एक हकीगत कोंकणांत सर्वत्र सांगतात. ती दंतकथेच्या कोटींत घालावी हें उत्तम. परंतु दंतकथेंतहि समाजाच्या मनांतील भीति दिसते. तरवारीनें किंवा कायद्यानें मनुष्य बाटतो असें ती कथा म्हणत नाहीं. पावानें बाटतो असें म्हणते.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत १७३७ मध्यें ठाणें आणि १७३९ मध्यें वसई मराठ्यांच्या हातीं आली. पोर्तुगीज अंमल उठला, पण येथील ख्रिस्ती प्रजा येथेंच राहिली, आणि तिचा पावहि राहिला. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं घेतला. मुंबई वाढूं लागली तसा पावाचा धंदाहि वाढला. गोव्याकडील ख्रिस्ती, मुसलमान, आणि पुढें इराणी, अशा लोकांच्या हातीं भट्ट्या होत्या. साहेबाच्या मेजावर पाव रोज जात होता. हिंदु घराच्या उंबऱ्याशीं मात्र तो अडला होता.

या भीतीवर पहिला घाव मुंबईंत, आणि तोहि गुप्तपणें, घातला गेला. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे मराठीचे व्याकरणकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या व त्यांच्या मित्रांच्या पुढाकारानें १८४९ च्या सुमारास परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडावा, हा तिचा एक मुख्य हेतु. पण जातिभेद मानीत नाहीं असें तोंडानें म्हणणें सोपें; तें खरें कशावरून मानावें? सभेनें त्यावर एक कसोटी ठरविली. नव्या सभासदानें ख्रिस्ती माणसाच्या हातच्या पावाचा तुकडा खावयाचा. विद्वान्, सरकारी नोकरींतील, प्रतिष्ठित घराण्यांतील तरुण बंद दारांमागें हा एक घांस खात, आणि घरीं जाऊन गप्प बसत. सभेच्या सभासदांची यादी १८६० मध्यें बाहेर फुटली, आणि त्या बोभाट्यांत सभा मोडली. तिच्या विचारांतूनच पुढें १८६७ मध्यें प्रार्थनासमाज उभा राहिला. दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्याच्या संस्थापकांत होते. पण प्रार्थनासमाजानें सभासदत्वासाठीं पावाची अट घातली नाहीं. ती अट किती जड होती, हें त्यावरूनच समजून येईल.

या कथेचा दुसरा अध्याय कल्याणांत सुरू होतो. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना हिचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षीं तिचें लग्न टपाल खात्यांतील नोकर गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें, आणि ती आनंदीबाई झाली. गोपाळरावांच्या आग्रहामुळें ती शिकली आणि १८८३ मध्यें वैद्यकीच्या अभ्यासासाठीं अमेरिकेस निघाली. निघण्यापूर्वीं बंगालमधील सेरामपूरच्या महाविद्यालयांत तिनें जाहीर व्याख्यान दिलें, आणि हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन असा आपला निश्चय सांगितला. तो तिनें पाळला. जेथें रोजच्या जेवणांत मांस आणि पाव होता, अशा फिलाडेल्फियाच्या थंडींत तिनें आपला शाकाहार सोडला नाहीं. मार्च १८८६ मध्यें ती डॉक्टर झाली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास क्षयानें वारली. तिचें वय तेव्हां बावीस वर्षेंहि पुरें झालेलें नव्हतें.

तिच्या मागें तीन वर्षांनीं, १८९० मध्यें, याच गोपाळरावांनीं पुण्यांत एक विलक्षण प्रकरण घडवून आणलें. पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील चाळीसांहून अधिक प्रतिष्ठित गृहस्थ जमले. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकहि होते. व्याख्यानानंतर मिशनच्या बायांनीं चहा आणि बिस्किटें पुढें केलीं. कोणी घेतलीं, कोणी शिष्टाचार म्हणून पेला हातांत धरून ठेवला, कोणी स्पर्शहि केला नाहीं. पुढें उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं. तीं गोपाळरावांनींच पुरविलीं होतीं. मग तक्रार झाली, शंकराचार्यांनीं चौकशीसाठीं मंडळ नेमलें, आणि पुण्यांत दोन वर्षें हें वादळ गाजत राहिलें. अखेर १८९२ मध्यें रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांनींच त्यांना दोष दिला. टिळकांनाहि प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाहीं. राष्ट्रसभेंत ज्यांचा शब्द मानला जाई अशा दोन थोर पुरुषांना एका चहाच्या पेल्याचा जबाब द्यावा लागला.

आनंदीबाईंनीं सातासमुद्रांपलीकडे जाऊन आपला आहार राखला, आणि त्यांच्या पतीनें घराशेजारीं सगळ्यांचा आहार बाटविला, अशी टीका त्या वेळीं करणें सोपें होतें. परंतु दोघांच्याहि वागण्यांतून एकच गोष्ट सिद्ध होते. मनुष्य काय खातो यापेक्षां तो कोणाच्या हातचें खातो, हाच त्या काळीं सर्वांत मोठा प्रश्न होता.

तो प्रश्न शपथांनीं सुटला नाहीं, आणि प्रकरणांनींहि सुटला नाहीं. तो सोडविला आगगाडीनें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून चौदा डब्यांची गाडी सुमारें चारशें पाहुण्यांना घेऊन ठाण्यास आली. एकवीस मैलांचा हा हिंदुस्थानांतील पहिला उतारू-मार्ग. पुढल्याच वर्षीं, म्हणजे मे १८५४ मध्यें, गाडी कल्याणपर्यंत पोंचली. तेथून एक फांटा भोर घाटानें पुण्याकडे आणि दुसरा थळ घाटानें नाशिकाकडे जातो. अशा रीतीनें कल्याण हें मोठें जंक्शन झालें. डब्यांत जातवार बसण्याची सोय नव्हती. ज्याच्या सावलीचाहि विटाळ मानला जाई, त्याच्या खांद्याला खांदा लावून दोन तास बसावें लागे, आणि घरीं गेल्यावर कितीहि स्नानें केलीं तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच गाडी असे.

समाजानें एकदम माघार घेतली नाहीं. स्टेशनांवर हिंदु पाणी आणि मुसलमान पाणी वेगवेगळें ठेवण्यांत येई. मुंबईच्या कचेऱ्यांतील कारकुनाची दुपारची भूक भागविण्यासाठीं डबेवाल्यांची संस्था उभी राहिली. तिचा आरंभ १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं केला, असें सांगतात. पंचहौदाचें प्रकरण ज्या वर्षीं घडलें तेंच हें वर्ष. घरचें सोवळ्याचें अन्न शहराच्या टोकापर्यंत पोंचविणारी ही युक्ति मोठी कल्पक होती. ज्याच्या घरीं डबा भरणारें कोणी नव्हतें, तो खाणावळींत जाई. खाणावळी जातवार, गांववार असत. पुढें उपाहारगृहें निघालीं. दादरचें मामा काणे यांचें उपाहारगृह १९१० चें, माटुंग्याचें रामा नायक यांचें उडुपी भोजनालय १९४२ चें. फळ्यांवर ‘ब्राह्मणाचें’ असा शब्द लिहिण्याची पद्धत पुष्कळ वर्षें होती. इराण्याच्या दुकानांत मात्र तसला शब्द नव्हता. तेथें संगमरवरी मेजावर पाव-मस्का आणि चहा मिळे. तेथें गिरणीचा कामगार बसे, तसाच कॉलेजचा विद्यार्थीहि बसे. वाडवडिलांना कळूं न देतां पाव खाण्याची परमहंस सभेची चाल आतां विद्यार्थ्यांच्या हातीं गेली होती; फरक इतकाच कीं, त्यांना कोणी शपथ घातली नव्हती, त्यांना भूक लागली होती.

ठाण्यापुरती या इतिहासाची साक्ष मामलेदार कचेरीच्या आवारांत मिळते. कारवारकडील मुर्डेश्वर या गांवाचें नांव धारण करणाऱ्या एका कुटुंबानें स्वातंत्र्याच्या आगेमागें या आवारांत उपाहाराची लहानशी जागा चालविण्यास घेतली. तेथील मिसळ कचेरीच्याच नांवानें प्रसिद्धीस आली. मामलेदार कचेरींत कोण येतो? सातबाराच्या उताऱ्यासाठीं शेतकरी येतो, दाखल्यासाठीं विद्यार्थी येतो, वाडी-पाड्यांवरून आगरी, कोळी, वारली येतात. वकील, दलाल आणि कारकून तर तेथलेच. या सर्वांचें काम एका खेपेंत कधींच होत नसे. दुपारीं साहेब जेवावयास उठले कीं ही सगळी मंडळी एकाच बाकावर येऊन बसत. तिखट तर्री, फरसाण, कांदा आणि पाव, एवढा सरंजाम. घाम पुसण्यांत सर्व सारखे होते.

याच सुमारास, २६ जानेवारी १९५० रोजीं, भारताची राज्यघटना अमलांत आली. तिच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांचीं नांवें घेऊन सांगितलें आहे कीं, जातीच्या किंवा धर्माच्या कारणावरून कोणाहि नागरिकाला तेथें मज्जाव करतां येणार नाहीं. सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. देशाच्या मूलभूत कायद्यांत उपाहारगृहाचा उल्लेख असावा, यांतच त्या जागेचें महत्त्व आलें. कायदा झाला म्हणून सर्व एका दिवसांत बदललें नाहीं. खेडोपाडीं चहाच्या दुकानांत दलितांसाठीं वेगळा कप ठेवण्याची लाजिरवाणी रीत त्यानंतरहि दीर्घकाळ टिकून होती. परंतु स्टेशनाजवळच्या आणि कचेरीजवळच्या दुकानांत ती टिकणें कठीण होतें. तेथें गिऱ्हाइकाची जात विचारण्याइतका वेळ कोणालाच नव्हता.

पावाचा शेवटचा अडसर वड्यानें काढला. १९६६ मध्यें दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनीं बटाटेवडा पावांत घालून विकण्यास आरंभ केला, असें सर्वत्र सांगितलें जातें. या पदार्थाची वाट आगगाडीचीच होती, म्हणून तो ठाणें-कल्याणपर्यंत पोंचावयास वेळ लागला नाहीं. ठाणें स्टेशनाबाहेरचें कुंजविहार तेथील भल्या मोठ्या वडापावासाठीं नांवाजलें, गजानन वडापाव पिवळ्या पातळ चटणीसाठीं. कल्याणांत वझे कुटुंबानें आपल्या घराच्या खिडकींतूनच वडे विकण्यास सुरुवात केली, आणि ‘खिडकी वडा’ हें नांव कायमचें झालें. पूर्वीं स्वयंपाकघर हें घरांतील सर्वांत आंतली आणि सर्वांत जपलेली जागा असे. त्या घराची खिडकी भर रस्त्यावर उघडावी आणि रस्त्यानें जाणाऱ्या कोणाहि माणसाच्या हातांत तळलेला वडा ठेवावा, हा बदल लहान नव्हे.

कल्याणच्या शेजारीं फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची मोठी छावणी वसली. तिलाच १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालें. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनीं दाल-पकवान आणि इतर अनेक जिन्नस आपल्याबरोबर आणले, आणि चार पैसे मिळविण्यासाठीं प्रथम खाद्यपदार्थांच्याच गाड्या लावल्या तर त्यांत नवल नाहीं. डोंबिवलीची कथा निराळी. गिरगांव-दादरच्या भाड्याच्या खोल्या सोडून मध्यमवर्गीय कुटुंबें स्वतःच्या घरासाठीं तेथें गेलीं. पति-पत्नी दोघेंहि सकाळच्या लोकलनें मुंबईस जाऊं लागलीं, आणि संध्याकाळीं परततांना पोळी-भाजी केंद्रावरून पोळ्या घेऊन घरीं जाऊं लागलीं. पोळी कोणाच्या हातची आहे हें विचारावयाचेंच झालें, तर उत्तर इतकेंच असे: शेजारच्या कुणा कष्टाळू बाईच्या हातची.

अशी ही जमीन तयार झालेली होती, तेव्हां पिझ्झा आला. त्याची जन्मकथाहि या कथेहून फारशी निराळी नाहीं. इटलींतील नेपल्स हें दाट वस्तीचें बंदर. तेथील गरिबांच्या घरांत चूलहि धड नसे. हमाल, कोळी, रोजगारी हे रस्त्यावर फिरत्या विक्रेत्याकडून भाजलेल्या पोळीचा तुकडा विकत घेत. आज खावें आणि आठ दिवसांनीं पैसे द्यावे, अशीहि तेथें पद्धत होती. अमेरिकेंतून आलेला टोमॅटो त्या पोळीवर पडला आणि तिला आजचें रूप आलें. प्रतिष्ठित लोक बराच काळ या पदार्थाला नाकें मुरडीत. १८८९ मध्यें राणी मार्गेरिता नेपल्सला आली असतां राफाएले एस्पोझितो या कारागिरानें टोमॅटो, मोझरेला चीज आणि तुळशीच्या जातीचीं बेसिलचीं पानें घालून पिझ्झा केला, आणि राणीच्या नांवानें तो ओळखला जाऊं लागला, अशी कथा आहे. इतिहासकारांनीं तिच्या पुराव्याबद्दल शंका घेतली आहे. पण गरिबाच्या अन्नाला राणीची पसंती मिळाली, ही कल्पना लोकांना इतकी आवडली कीं कथा टिकून राहिली. पोट भरण्यासाठीं देशोधडीस लागलेल्या इटालियनांनीं हा पदार्थ अमेरिकेस नेला, आणि तेथून तो जगभर गेला. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची युनेस्कोनें २०१७ मध्यें मानवजातीच्या वारशांत नोंद केली.

भारतांत मोठ्या अमेरिकन कंपन्यांचीं दुकानें १९९६ मध्यें दिल्ली व बंगळूर येथें निघालीं, आणि थोड्याच वर्षांत तीं ठाणें-डोंबिवलीपर्यंत आलीं. येथें आल्यावर पिझ्झ्यानें येथील रीत उचलली. कांदा-लसूण नसलेला जैन पिझ्झा निघाला, पनीर आलें, हिरवी मिरची आली. गल्लींतील बेकरीनें अर्धवट भाजलेली पोळी पाकिटांत घालून विकावयास ठेवली. रस्त्याच्या गाडीवर तव्यावर झांकण घालून पिझ्झा होऊं लागला. याला विटाळ मानणारें कोणी उरलें नव्हतें. वडापाव आपला आणि पिझ्झा परका, असें म्हणणाऱ्यानें हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, वड्यांतील बटाटा आणि मिरची हीं दोन्ही टोमॅटोप्रमाणेंच अमेरिकेंतून आलीं आहेत, आणि पावाचें तर नांवहि परभाषेंतील आहे. परका पदार्थ आपला होतो तो सवयीनें.

मग चांगला पिझ्झा कोठें खावा? या इतिहासांतच त्याचें उत्तर आहे. मामलेदार कचेरीची मिसळ आणि स्टेशनावरचा वडापाव हे पदार्थ चांगले कां राहिले? तेथें येणारा मनुष्य उद्यां पुन्हां येणार होता. एकदां येऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दिव्यांच्या रोषणाईनें फसवितां येतें. रोज येणाऱ्याला फसवितां येत नाहीं. तेव्हां ज्या दुकानांत आसपासचे रहिवासी, तेथील विद्यार्थी, जवळच्या कचेरीचे लोक पुन्हां पुन्हां जातात, तेथें पीठ ताजें असण्याचा संभव अधिक.

दुसरी कसोटी पोळीची. चीज आणि मसाले यांच्याखालीं पुष्कळ दोष झांकले जातात, म्हणून प्रथम कडेचा तुकडा नुसता खाऊन पाहावा. नेपल्समध्यें १९८४ साली स्थापन झालेल्या पिझ्झा-कारागिरांच्या संस्थेचा नियम असा आहे कीं, पीठ निदान आठ तास तरी आंबलेलें असावें, आणि सुमारें ४८५ अंश सेल्सियस उष्णतेच्या लाकडाच्या भट्टींत पोळी साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघावी. इतकी धग प्रत्येक दुकानाजवळ नसते, आणि नसली तरी बिघडत नाहीं. पण नीट आंबलेल्या पिठाला गव्हाचा गोडवा आणि किंचित् आंबूस वास येतो, कड हलकी व आंतून जाळीदार होते, आणि पोळीच्या खालच्या बाजूस करड्या रंगाचे ठिपके उमटतात. घाईनें फुगविलेली पोळी मऊ असते, पण चवीला कागदासारखी लागते; आणि थंड झाली कीं चामड्यासारखी ओढावी लागते.

तिसरी खूण अशी कीं, ज्या वस्तींत पाव चांगला मिळतो, तेथें पिझ्झाहि चांगला होण्यास वाव असतो. कारण दोघांचें गुपित एकच, खमिराला दिलेला वेळ. म्हणून ठाण्यांत किंवा कल्याणांत नवें दुकान पारखतांना त्या गल्लींतील बेकरीकडेहि एक नजर टाकावी. या बेकऱ्यांचे दिवस मात्र आतां बदलत आहेत. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें मुंबईंतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितलें. हवा शुद्ध राहिली पाहिजे, याबद्दल दुमत नाहीं. धूर शेजाऱ्याच्याच छातींत जातो. पण भट्टी बदलण्याचा खर्च मोठ्या दुकानाला जितका सहज पेलेल तितका चार माणसांच्या जुन्या बेकरीला पेलणार नाहीं. ती बेकरी बंद पडली तर पहाटेचा ताजा पाव जाईल, आणि त्याच्याबरोबर पीठ आंबवून भाजण्याची जी विद्या या भागांत शतकानुशतकें चालत आली, तीहि जाईल. पिझ्झा त्यानंतरहि मिळेल. पण तो दुरून गाडींतून आलेल्या गोठविलेल्या पिठाचा असेल.

दादोबांच्या मित्रांनीं दार लावून जो घांस खाल्ला, रानड्यांनीं ज्या पेल्यापायीं प्रायश्चित्त घेतलें, तोच घांस आणि तोच पेला आज या शहरांत कोणीहि कोणाहि शेजारीं बसून घेतो. ज्या घरांत पिझ्झ्याची पेटी उघडतांना मुलांची झोंबाझोंबी होते, त्या घरांतील वडील माणसांनीं त्यांना ही हकीगत अवश्य सांगावी. आणि पिझ्झा घेऊन येणारा मनुष्य दारांत उभा राहिला, तर त्याला पाणी विचारावें. तें त्याच पेल्यांत द्यावें, ज्यांत घरचीं माणसें पितात.